खाडीकोश अपडेट: तिसऱ्या सापडल्या, त्याआधी दऱ्यांचा दर्या झाला

मंडळी, झालं एकदाचं! खाडीकोश म्हणजे खाडीकाठच्या मासे-भरतीच्या शब्दांचा आपला कोश, प्रत्येक शब्दापुढे हिंदी आणि इंग्रजी अर्थ. काल रात्री दीड वाजता त्यातल्या 'तिसऱ्या'च्या (खायच्या शिंपल्या) नोंदीत हिंदी आणि इंग्रजी दोन्ही रकाने भरलेले दिसले आणि मला इतका आनंद झाला की झोपलेल्या बायकोला उठवून दाखवलं. गेल्या वेळी मी लिहिलेलं की दिवाळे गावच्या मित्राची शब्दांची शीट फ्लेक्समध्ये (कोश बनवायचं सॉफ्टवेअर) मर्ज केली की निम्म्या पोकळ्या, म्हणजे रिकामे रकाने, एका रात्रीत भरतील. एक रात्र कुठली, पंधरा दिवस गेले.

तसं काम सरळ होतं. फ्लेक्समधून लिफ्ट एक्स्पोर्ट (अख्ख्या कोशाची फाइल) काढायचा, पायथनच्या स्क्रिप्टने मुख्य शब्द शीटशी जुळवायचा, जिथे हिंदी-इंग्रजी ग्लॉस (थोडक्यात अर्थ) रिकामा तिथेच भरायचा आणि फाइल परत इम्पोर्ट करायची. ६४० पैकी २१२ नोंदींना हिंदी नव्हतं. पहिल्याच रनला बांगडा, मांदेली, चिंबोरी पटापट भरले, पण ४१ शब्द हट्टाने रिकामेच. तिसऱ्या त्यातच. शीटमध्ये तिसऱ्या आहे, कोशात तिसऱ्या आहे, स्क्रीनवर शेजारी ठेवले तर तंतोतंत सारखे, तरी स्क्रिप्ट म्हणते सापडला नाही. मी फॉन्ट बदलले, मागेपुढे स्पेस राहिल्यात का बघितलं, होमोग्राफ नंबरवर (सारख्या दिसणाऱ्या शब्दांना फ्लेक्स देतं तो) संशय घेतला, एक पूर्ण रविवार त्यात घालवला.

शेवटी प्रत्येक अक्षराचा कोड वेगळा छापून काढला तेव्हा कळलं. आपला ऱ्या तीन प्रकारे लिहिलेला होता! कोशातून आलेल्या काही मजकुरात ऱ हे एकच अक्षर आणि पुढे हलन्त, काही ठिकाणी साधा र, त्याला नुक्ता आणि मग हलन्त, आणि मित्राच्या शीटमध्ये साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पहिले दोन युनिकोडच्या (संगणकावरच्या अक्षरांचं प्रमाण) हिशोबाने एकच आहेत, एनएफसी केलं, म्हणजे सुटे तुकडे जोडून एका साच्यात आणले (हेच नॉर्मलायझेशन), की जुळतात (फ्लेक्स आत सगळं सुटं करून एनएफडीमध्ये ठेवतं हे लक्षात असू द्या). तिसरा मात्र कुठल्याच नॉर्मलायझेशनने जुळत नाही, कारण युनिकोडसाठी तो वेगळाच मजकूर आहे, डोळ्याला कितीही सारखा दिसो.

मग मी घाई केली. म्हटलं जॉइनर दिसत नाही ना, मग उडवूनच टाकू. एका ओळीचं काम, ते केलं, रन केलं, इम्पोर्टही केलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना नोंदी चाळतोय तर 'किनाऱ्यावर'चं जागोजाग 'किनार्यावर' झालेलं. जॉइनर काढला की य च्या आधीचा तो अर्धा र जातो आणि य वर रफार येतो. आणि एका नोंदीतलं वाक्य होतं की पावसाळ्यात डोंगर-दऱ्यांतलं गोडं पाणी खाडीत उतरतं, तिथे आता 'डोंगर-दर्यांतलं गोडं पाणी'! दरी आणि दर्या, आपल्या कोशात ह्याच दोन शब्दांत गोंधळ होणं मला फार लागलं. बॅकअप होता म्हणून वाचलो. इम्पोर्टच्या आधी बॅकअप घ्याच, दरवेळी.

बरोबर उपाय असा: र, हलन्त, जॉइनर दिसले की त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, जॉइनर नुसता काढायचा नाही. मग एनएफसी, मग जुळवणी. ४१ पैकी ३६ एका फटक्यात भरले. हे लिहिताना सुचलं की ॲ चंही तसंच असणार, कारण ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि हे दोन नॉर्मलाइझ करून एक होत नाहीत. लगेच नियम टाकला. उरलेल्या पाचांतले दोन जुळले!

टायपिंग करणाऱ्यांना कळकळीची विनंती, इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरा. शिफ्ट दाबून J दाबलं की सरळ ऱ मिळतो, जॉइनरची भानगडच नाही.

राहिलेल्या पोकळ्या मशीन ट्रान्सलेशनने भरू असं कुणी सुचवलेलं, तेही करून पाहिलं. तिसऱ्याला 'तीसरे' आलं. बोंबलाच्या इंग्रजी ग्लॉसवरून म्हणजे बॉम्बे डकवरून हिंदीत बदक आलं. आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती, तिला नशेची भांग मिळाली. मी तो सगळा कॉलम डिलीट केला. चुकीच्या शब्दापेक्षा रिकामा रकाना कधीही चांगला, ह्यावर मी ठाम आहे.

पण रिकामा रकाना म्हणजे तरी काय? भांगेला रोजच्या हिंदीत एक शब्द मला मिळालेला नाही, आणि 'अजून शोधला नाही' ही वेगळी गोष्ट आहे, फ्लेक्सला दोन्ही सारखेच रिकामे. म्हणून आज दोन कस्टम फील्ड केली, हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी एक, दोन्ही लिस्टवाली: 'शोधायचं आहे', 'एक शब्द नाही, वर्णन द्या', 'चालू शब्द उसना' (दुसऱ्या भाषेतून घेतलेला). बल्क एडिटमध्ये लिस्ट चॉइसने ते लावणं दहा मिनिटांचं काम.

आणि आता माझा पुढचा प्लॅनच बदलतोय. मी नावाने जुळवतोय कशाला, माशांसाठी फ्लेक्समध्ये शास्त्रीय नावाचं फील्ड आहेच की! लेट्स कॅल्कॅरिफर लिहिलं की जिताडा आणि खजुरा दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतात. हलवा पण सुटतो, इंग्रजीत त्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात पण तो पापलेटच्या कुळातला नाही, बांगड्याचाही नाही, कॅरॅन्जिडी कुळातला. नुसता ग्लॉस कॉपी केला असता तर तो पापलेटच्या खाली जाऊन बसला असता. कोळंबीला हे चालणार नाही, एका नावाखाली कितीतरी जाती, तिथे नावानेच जुळवेन.

ह्या शनिवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने बेलापूर आणि तिथून दिवाळे. राहिलेल्या नोंदी कागदावर छापून नेतोय, तिथल्या तांडेलकाकांना चष्मा लावून मोबाइल वाचवत नाही. भरती-ओहोटीच्या शब्दांना एक पान वेगळं ठेवलंय, उधाण, भांग, सुकती.