दुकान हललंय का?

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात मुलीच्या वह्या घेण्यासाठी नवी पेठेत गेलो असता एका दुकानाच्या पाटीवर माझी नजर अडखळली. वरची ठळक मराठी ओळ निर्दोष होती; खालच्या इंग्रजी 'स्टेशनरी'त मात्र 'आर' या अक्षराआधी 'ई'च्या जागी 'ए' बसला होता, आणि त्यामुळे कागद-पेन विकणाऱ्या त्या दुकानाने आपण 'जागचे न हलणारे' असल्याचे जाहीर करून टाकले होते. गर्दी ओसरल्यावर मी मालकांना ही चूक हळूच सांगितली. वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधता बांधता, मान वरही न करता त्यांनी विचारले, "तीस वर्षं झाली सर, दुकान इथनं हललंय का?"

मी हसलो खरा. पण घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा मालकांचे बोलणे थेट मुळाशी भिडणारे निघाले. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव हिंडत असत. जो एका जागी दुकान मांडून बसे त्याला लॅटिनमध्ये 'स्टेशनॅरिअस' म्हणत, आणि असे बूड टेकून बसणारे बहुधा विद्यापीठांच्या आसपासचे पुस्तकविक्रेते असत. त्यांचाच पुढे इंग्रजीत 'स्टेशनर' झाला. लंडनमधील स्टेशनरांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनदही मिळाली. स्टेशनर विकतो ती 'ई'ची स्टेशनरी आणि हलत नाही ती 'ए'ची, पण दोघी एकाच घरच्या. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला येऊन यात्रा सरताच पाल उचलणारा खेळणीवाला या हिशेबाने कधीच स्टेशनर ठरला नसता.

'एन्व्हलपमधला ई लक्षात ठेव,' ही जुनी युक्ती मी मुलीला सांगितली. तिला ती फारशी पटली नाही. उच्चार एकच, तर अक्षरे दोन कशाला, असे तिचे म्हणणे. आपल्या मराठीत असली भानगड नाही, असे मी तोऱ्यात म्हणणार, एवढ्यात मला माझी पाचवीतली निबंधाची वही आठवली. आजोबांचा हातमाग होता. त्याच्या अभिमानापोटी मी लिहिले होते, 'आमचे आजोबा पहाटे उठून सुत रंगवतात, पिळतात आणि उन्हात वाळत घालतात.' ऱ्हस्व उकाराचा सुत म्हणजे मुलगा. बाईंनी तांबड्या शाईने तो उकार दीर्घ केला आणि समासात लिहिले, 'वडिलांना हे ठाऊक आहे का?'