वॉरंटीचे ११ दिवस उरले असताना

आज कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील सर्व्हिस सेंटरमधून लॅपटॉप परत मिळाला. उद्यमनगरातील फाउंड्रीसाठी साच्यांची त्रिमितीय रेखाटने करताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान ९४ अंश सेल्सिअसवर जाई, पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा उमटत आणि लॅपटॉप आपोआप बंद पडे. ‘धूळ साचली आहे’ एवढे सांगून दोनदा परत पाठवल्यावर मी तापमानाच्या नोंदी, रेघांचे फोटो आणि बिल जोडून लेखी तक्रार दिली, तेव्हा कुठे वॉरंटीत मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलून मिळाला. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डावरच डाखलेली (सोल्डर केलेली) असते. वारंवार तापून-निवून ते डाख तडकले, की नुसता पंखा साफ करून भागत नाही. तक्रार घेणाऱ्या मुलीने प्रत्येक नोंद शांतपणे वाचली, याबद्दल तिचे मनापासून आभार. सायंकाळपासून तेच रेखाटन उघडले आहे आणि तापमान ७२ अंशांवर स्थिर आहे.