गप्प न बसणारी चिप

दिवसभर मी दुसऱ्यांचे सर्किट बोर्ड आखतो, पोट त्यावरच चालतं. हा बोर्ड मात्र माझा स्वतःचा होता: जुन्या तीन साउंड चिप एकाच पीसीबीवर बसवून केलेला सिंथेसायझर. वायएम२६१२, एवाय-३-८९१० आणि एसएन७६४८९. पहिली सेगाच्या मेगा ड्राइव्हमधली, एफएमचे (एका लहरीनं दुसरीची वारंवारता हलवून सूर घडवण्याची पद्धत) सहा चॅनेल देणारी. दुसरीत चौकोनी लहरींचे तीन सूर आणि थोडी खरखर. तिच्या ४० पिनांपैकी १६ पिनांचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही, नुसते पोर्ट आहेत ते. पण ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा, आखताना त्यांना वळसा घालावाच लागतो. तिसरी सगळ्यांत साधी, १६ पिनांची. ती त्रास देईल असं मनातही आलं नव्हतं.

बोर्ड बनून आला त्या दिवशी कामं भराभर उरकली आणि सोल्डर करायला बसलो. सगळ्या चिपना सॉकेट. आधी रिकाम्या सॉकेटवर मीटर लावून ५ व्होल्ट तपासले, मग एकेक चिप. वायएम२६१२ पहिल्या झटक्यात वाजली. ही चिप सहा चॅनेल मिसळून देत नाही, आळीपाळीनं एकामागून एक बाहेर सोडते, त्यामुळे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहर दातेरी दिसते. फिल्टरनंतर तीच लहर गुळगुळीत झालेली पाहून बरं वाटलं. मागच्या बोर्डावर डेटाचे ट्रॅक ऑडिओला खेटून गेले होते आणि प्रत्येक बाइटला स्पीकरमध्ये टिकटिक व्हायची. या वेळी खालची अख्खी बाजू ग्राउंडला दिली होती. टिकटिक नाही. एवायही वाजली.

एसएन बसवली आणि सलग एक सूर लागला. तो लागणारच होता. ही चिप वीज मिळताच आपण होऊन बोंबलते. बीबीसी मायक्रो हा जुना संगणक सुरू करताना पहिला जो खर्जातला आवाज यायचा, तो हिचाच. म्हणून प्रोग्राम सुरू झाल्याबरोबर चार बाइट पाठवायचे: तिन्ही सूर बंद, खरखर बंद. पाठवले. सूर चालूच.

चिप बदलली. तेच. एक बाइट गिळायला हिला क्लॉकचे ३२ ठोके लागतात, म्हणजे ४ मेगाहर्ट्झवर ८ मायक्रोसेकंद. घाई होत असेल म्हणून वेळ वाढवून २० केला. तेच. घोळ वाढवायला आणखी एक गोष्ट होती. खरखर बंद करणारा चौथा बाइट काढून टाकला की मागे हलकी खरखर ऐकू यायची, परत घातला की ती जायची. एक आज्ञा पोचते आहे म्हणजे जोडण्या बरोबर आहेत, असं मी धरून चाललो. त्यात दोन तास गेले.

तारांमधले ० आणि १ दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरवर चारही बाइट जसेच्या तसे दिसत होते. शेवटी ते कागदावर एकाखाली एक लिहिले:

१००१ ११११
१०११ ११११
११०१ ११११
११११ ११११

शेजारच्या टेबलावरची सहकारी घरी निघाली होती. कागदाकडे बघत म्हणाली, ‘अरे, चौथा तर कुठूनही वाचला तरी तोच!’

यात पहिले चार बिट कोणता चॅनेल ते सांगतात, शेवटचे चार आवाज किती खाली ते; चारही १ म्हणजे बंद. मी पहिला उजवीकडून वाचला. ११११ १००१. म्हणजे ‘पहिला सूर बंद’ नव्हे, ‘खरखर १८ डेसिबल खाली ठेवून चालू’. दुसरा आणि तिसरा उलटे वाचले तरी खरखरीलाच जाऊन लागत होते. मी चारही वेळा एकाच चॅनेलशी बोलत होतो आणि सुरांना कोणी काही सांगतच नव्हतं.

डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं या चिपचे बिट वरच्या बाजूनं मोजले आहेत: डी-० हा सगळ्यांत मोठा बिट. बाकीच्या दोन चिपमध्ये डी-० सगळ्यांत लहान. मी आराखड्यात डी-० ला डी-० जोडून मोकळा झालो होतो. सॉफ्टवेअरच्या तपासणीत चुका शून्य, कारण नावं जुळत होती! दुसऱ्याच्या बोर्डाचं काम असतं तर एकेका पिनचा अर्थ बघितला असता. स्वतःच्या कामात एवढा कीस कोण काढतो?

डोकं तापलेलं होतं. ब्लेड घेतलं, वरचा हिरवा थर खरवडला आणि एसएनकडे जाणारा डी-७ चा ट्रॅक कापला. दुसऱ्या ट्रॅकवर ब्लेड टेकवलं तेव्हा उजेड पडला. डेटा मायक्रोकंट्रोलरकडून ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टर चिपमध्ये एकेक बिट करत जातो आणि तिथून आठही बिट एकदम पुढे जातात. मग ट्रॅक कशाला कापायचे? एसएनची पाळी आली की बिट उलट्या टोकाकडून पाठवायचे, बस. प्रोग्राममधला एक शब्द.

कापलेल्या ट्रॅकवर पातळ तार सोल्डर केली, तो एक शब्द बदलला, वीज दिली. सूर क्षणभर लागला आणि तुटला.

पुढच्या बोर्डाच्या आराखड्यात एसएनच्या पिनांची नावं मी स्वतः उलटी लिहिली. तारवाला बोर्ड अजून वापरात आहे. झाकण काढलं की लोक आधी त्या तारेबद्दलच विचारतात.