खंड्याच्या डोळ्यातली रेघ

पक्ष्यांचे फोटो काढायची चार दिवसांची सहल होती, पण लिहायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी लॅपटॉपसमोर गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल. पहिला दिवस पोचण्यात आणि सामान लावण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत होडीत बसलो. माणसं सहा, नीट बसायला जागा चौघांची. होडीतली गर्दी मला सोसत नाही. एक जण उभा राहिला की होडी कलते आणि बाकी पाच जणांच्या फ्रेममधून पक्षी निघून जातो. म्हणून मी एका कडेला सरकलो आणि लेन्स होडीच्या काठावर टेकवली. पाणकणसाच्या बेटापाशी पोचलो तोच समोर कवड्या खंड्या आला. जेमतेम दहा मीटरवर, पाण्याच्या वर हवेत एका जागी तरंगत, चोच सरळ खाली. पंखांची नुसती फडफड, आणि डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मी बटण सोडलंच नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि छाती भरून आली. इतक्या वर्षांत इतका जवळून मिळाला नव्हता.

आमच्यात एक काका होते, वयाने सगळ्यात मोठे आणि सगळ्यात कमी बोलणारे. संध्याकाळी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी काही न बोलता तो शंभर टक्क्यांवर मोठा केला, डोळ्यापाशी नेला आणि विचारलं, "हा डोळ्यातला ठिपका बघ. ठिपका आहे का?"

नव्हता. सूर्याचं जे प्रतिबिंब बुबुळात टिंबासारखं दिसायला हवं, त्याची छोटीशी उभी रेघ झाली होती. मग ते पाण्यावर गेले. तिथली प्रत्येक चकाकी तशीच, तेवढ्याच लांबीची उभी रेघ. पाणकणसाच्या उभ्या दांड्यांच्या कडा मात्र स्वच्छ, आणि आडव्या मोडून पडलेल्या पानाच्या कडा विरघळलेल्या.

"पक्षी हलला असता तर पान शार्प आलं असतं," काका म्हणाले. "फोकस चुकला असता तर पुढचं किंवा मागचं काहीतरी शार्प सापडलं असतं. इथे सगळंच एका दिशेला ओढलं गेलंय. कॅमेरा हललाय, वर-खाली. लेन्स कशावर टेकवली होतीस?"

होडीच्या काठावर. आणि इंजिन चालू होतं.

मला राग आला होता, हे कबूल करतो. शटर १/६४० सेकंद होतं. माझी लेन्स ४०० मिलिमीटरची आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर लहान, म्हणजे दीडपटीने हिशोब केला तर ६००. 'शटर निदान एक भागिले लेन्सची लांबी' हा नियम मी पाळला होता. पण तो नियम हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा आणि स्थिर विषयाचा. थरथरणाऱ्या लाकडाचा त्यात हिशोबच नाही. पडद्यावर फसलो त्याचंही कारण तिथेच कळलं. २ कोटी ४० लाख पिक्सेलचा फोटो तीन इंचांत दाबला की काहीही शार्पच दिसतं, आणि चोच उभी असल्यामुळे तिच्या कडा खरोखरच स्वच्छ आल्या होत्या. मी होडीत मोठा करून पाहिली होती ती नेमकी चोच.

नंतर काकांनी हिस्टोग्राम दाखवला, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे याचा आलेख. उजव्या भिंतीला चिकटलेला. छातीचं पांढरं जळालं होतं, पिसांचा पोत नावालाही नाही. हा पक्षी सगळा काळा आणि पांढरा. मागे काळपट पाणी असलं की कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फ्रेम उजळायला जातं आणि पांढरं हातचं घालवतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, थोडंफार परत मिळतं, पण जिथे तिन्ही रंग भरून वाहिले तिथे परत आणायला काही शिल्लकच नसतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी शार्पनिंग वाढवून पाहिलं. रेघ रेघच राहिली, फक्त जास्त ठळक झाली, आणि चोचीभोवती पांढरी किनार उमटली. दीड तास घालवून फोटो होता त्यापेक्षा वाईट करून ठेवला. बाकीचेही उघडले. एकात पुढचं पाणकणीस सुरेख शार्प आणि खंड्या मऊ. तिथे फोकस चुकला होता. दहा मीटरवर एफ ५.६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र तेवढं उघडं असताना, माझ्या लेन्सची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढं शार्प येतं ते अंतर, जेमतेम १४ सेंटीमीटर भरते. फोकस पंखाच्या टोकावर बसला की डोळा सहज बाहेर जातो.

तिसऱ्या दिवशी निघायलाच उशीर झाला. अकराच्या सुमाराला पाण्यावरची हवा उकळल्यासारखी लहरत होती. दूरचं काहीही घ्या, कडा वितळलेल्या. त्यावर कोणतंही सेटिंग चालत नाही. कॅमेरा बॅगेत टाकला.

चौथ्या दिवशी मी नावाडीदादांना आधीच विनंती केली की बेट दिसलं की इंजिन बंद करा. ते म्हणाले, "आधी सांगायचं ना, मी वल्ह्याने नेलं असतं." दोन दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या माणसाला प्रत्येक खंड्याचा खुंट ठाऊक होता. वल्ह्याने होडी इतकी गुपचूप सरकली की पक्षी उडालाही नाही.

या वेळी लेन्स हातात, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, काठाला स्पर्श नाही. शटर १/२५००. प्रकाश चौपट कमी झाला, म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० चा १६०० करायला हवा होता, पण पांढरं वाचवायचं म्हणून १००० वरच थांबलो. आयएसओ वाढवला की फोटोत येणाऱ्या दाण्यांची, नॉइजची, भीती मी आता सोडली आहे. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. फोकसचा चौकोन एकच, डोक्यावर.

घरी निघायच्या आधी काकांनी तो फोटो शंभर टक्क्यांवर नेला. बुबुळात टिंब होतं, गोल. तुऱ्याचं एकेक पीस मोजता येत होतं. छातीच्या पांढऱ्यात पिसांच्या बारीक ओळी होत्या. ते बराच वेळ तिथेच थांबले. मग फोटो डावीकडे सरकवला.

"हे बघ," त्यांनी बोट ठेवलं. पंखाचं टोक फ्रेमच्या कडेला टेकलं होतं. "दोन हात मागून घ्यायला हवा होतास."

मी दादांना पुढच्या खेपेसाठी विचारून ठेवलं आहे. होडीत आम्ही दोघेच असू.