तुम्ही विचारलंत म्हणून: मत कुणाला दिलंत?

मिरजेला गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. आधी चहा, मग "तिकडं थंडी फार का?", आणि मग कुणीतरी काका खुर्ची पुढं ओढून विचारतात, "ते ब्रेक्झिटचं मतदान झालं तेव्हा तुम्ही तिथंच होता की. मत कुणाला दिलंत?" दुसरं कुणीतरी लगेच मध्ये तोंड घालतं, "अहो, पण यांचा पासपोर्ट भारताचा. यांना कसलं मत?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून मी नेहमी त्याच्यावरच वेळ काढते. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि २३ जून २०१६ च्या सार्वमतालाही तोच नियम धरला होता. त्यामुळं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेमतेम पाच वर्षं काढलेली, मिरजेच्या शाळेत शिकलेली मी ब्रिटननं युरोपीय संघात राहावं की नाही हे ठरवू शकत होते. आमच्या शेजारची पोलिश बाई २००४ पासून तिथं. कर भरत होती, मुलं तिथल्याच शाळेत, सगळं बिऱ्हाड त्या निकालावर टांगलेलं. पण तिला मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे लोक सोडले तर युरोपातल्या कुणालाच नव्हतं. इंग्रजांचं जुनं साम्राज्य असं अधूनमधून कुठल्यातरी कपाटातून बाहेर पडतं.

एवढं सांगेपर्यंत काकांचा चहा संपतो आणि पहिला प्रश्न राहून जातो. या वेळी नाही राहू देत. मी 'बाहेर पडा'वर फुली मारली होती.

कारण राजकीय वगैरे नव्हतं, आई होती. बाबा २०१३ मध्ये गेले. दादा बंगळुरात, मी इकडं, आणि आई मिरजेच्या त्या चार खोल्यांत एकटी. तिला कायमचं आणायचं म्हटलं तर जुलै २०१२ मध्ये नियम बदललेले. आता सिद्ध काय करायचं, तर आंघोळ, कपडे, स्वयंपाक ही रोजची कामं तिला होत नाहीत, आणि तिला लागणारी देखभाल भारतात पैसे टाकूनही मिळत नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाबद्दल हे कुठल्या तोंडानं लिहायचं? पण ब्रिटनमध्ये राहणारा फ्रेंच किंवा पोलिश माणूस त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला युरोपच्या नियमानं आणू शकत होता. तो नियम बऱ्याच अंशी ब्रिटिश नागरिकालासुद्धा लागू नव्हता. ऑफिसातल्या एकाची आई पोर्तुगालहून अशीच राहायला आली. तिनं आणलेला केक मी खाल्ला आणि रात्री घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

त्यात मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं फळमाशीच्या कारणावरून आपला हापूस बंद केला. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, म्हणजे नुकसान एकाच हंगामाचं. पण इंग्लंडातल्या लेस्टरच्या दुकानात आंब्याच्या पेटीशिवाय गेलेला तो मे महिना आमच्या मंडळींच्या चांगलाच डोक्यात बसला. "ब्रसेल्सवाल्यांनी ठरवायचं आम्ही काय खायचं ते?" (ब्रसेल्स म्हणजे युरोपीय संघाची कचेरी) हे वाक्य मी पुरणपोळीच्या पंगतीत ऐकलंय. प्रचारात तेव्हाच्या रोजगारमंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की बाहेर पडलो तर आपल्याकडच्या रेस्टॉरंटांना दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं जाईल. आचारी येणार तर आई का नाही, असा माझा सरळ हिशोब होता. रांग सगळ्यांना सारखी पाहिजे, एवढंच.

मतदान केंद्रावर दोरीला बांधलेली पेन्सिल होती. पेन्सिलीच्या खुणा मागाहून खोडणार अशी अफवा त्या आठवड्यात उठली होती, म्हणून माझ्या पुढच्या आजोबांनी कोटाच्या खिशातून स्वतःचं बॉलपेन काढलं आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मी पेन्सिलच वापरली.

सकाळी उठले तर ५१.९ विरुद्ध ४८.१. आमच्या कॉव्हेंट्रीत 'बाहेर पडा'ला ५५.६ टक्के. खरं सांगते, आनंद झाला नाही. आपण चिडून भांडं आपटावं आणि ते खरंच फुटावं, तसं झालं. नऊ वाजायच्या आत पंतप्रधान कॅमेरून दारात येऊन राजीनामा जाहीर करून गेले. दादाचा मेसेज आला: पौंड पडला, तिकडं काय चाललंय? आदल्या संध्याकाळी डॉलरच्या तुलनेत दीडच्या घरात असलेला पौंड रात्रीतून १.३२ वर जाऊन आला होता. १९८५ नंतर इतका खाली तो कधी गेला नव्हता. मुंबईचा सेन्सेक्स त्या दिवशी ६०० अंकांनी उतरून बंद झाला.

माझ्यापुरता हिशोब याहून छोटा होता. आईकडं येणारी बाई, औषधं, किराणा यासाठी मी महिन्याला ३०० पौंड पाठवायचे. जूनच्या सुरुवातीला त्याचे तीसएक हजार व्हायचे. ऑक्टोबरात साडेचोवीस झाले. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "या वेळी बँकेनं काही कापलं का गं?" मी म्हटलं, हो, बँकेनंच.

आता काका विचारतात ते पुढचं: "मग झालं काय शेवटी?" आमच्या भाषेत याला एकच शब्द आहे, भिजत घोंगडं. साडेचार वर्षं भिजलं.

एकत्र कुटुंबात वाटणी मागणारा भाऊ आधी आवाज चढवून उठतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की विहीर सामाईक आहे, पाटाचं पाणी सामाईक आहे आणि बांध कुठून जातो हे कुणी कधी बघितलेलंच नाही. ब्रिटनचं तेच झालं. कॅमेरूननंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी २९ मार्च २०१७ ला बाहेर पडण्याची नोटीस दिली, मुदत दोन वर्षांची, आणि मग आयर्लंडचा बांध आडवा आला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, दक्षिणेचा देश युरोपात, मध्ये ५०० किलोमीटरची सीमा; १९९८ च्या शांतता करारानंतर तिथं चौकी राहिली नव्हती आणि ती परत उभी करायची कुणाची हिंमत नव्हती. बाईंनी आणलेला करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये पुन्हा दोनदा फेटाळला. राहायचं नाही, या अटीवर जायचं नाही, अटींशिवायही जायचं नाही. लहानपणी आम्ही 'तळ्यात-मळ्यात' खेळायचो, त्यात दोन्हीकडं एकेक पाय ठेवला की बाद. इथं सगळी संसद तशीच उभी होती आणि बाद कुणी देत नव्हतं.

मी गाड्यांच्या वायरिंगचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मटेरियल प्लॅनिंग बघते. आमच्या धंद्यात साठा दिवसांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. पोलंडहून निघालेली लॉरी फ्रान्सच्या कॅले बंदरातून इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उतरून सकाळी गेटवर लागते, माल उतरतो आणि बहुतेक दुपारपर्यंत तो कुठल्यातरी गाडीत बसलेला असतो. या सगळ्याचा पाया एकच: डोव्हरला कुणी थांबवत नाही. आणि साहेबानं डिसेंबर २०१८ मध्ये मला विचारलं, "२९ मार्चनंतर थांबवलं तर?"

किती वेळ थांबवतील? माहीत नाही. कुठले कागद लागतील? ठरलेलं नाही. मग किती साठा करू? तूच सांग. मी सहा आठवड्यांचा आकडा सांगितला. कशाच्या आधारावर म्हणाल, तर कशाच्याच नाही. पाच आठवडे कमी वाटले आणि आठ म्हणायची लाज वाटली. मग जागा शोधली. सगळ्या देशातले कारखानदार त्याच वेळी गोडाऊन शोधत होते. आम्हाला मिळालं ते ३० मैलांवर, कनेक्टरचे खोके छतापर्यंत रचलेले. एका शनिवारी मी तिथं मोजायला गेले. थंडी, कुबट वास, आणि मला आठवला आमच्या आजीचा माळा. दुष्काळाच्या भीतीनं तिनं ठेवलेली ज्वारी, दर वर्षी थोडी पोरकिडे खायचे.

त्याच दिवसांत सरकार केंटमध्ये, म्हणजे डोव्हरच्याच परगण्यात, वाहतूक कोंडीची रंगीत तालीम करत होतं. मॅन्स्टनच्या बंद विमानतळावर लॉऱ्या बोलावल्या, आल्या ८९, आणि त्यांनी डोव्हरपर्यंत जाऊन दाखवलं. कोंडी झाली नाही, कारण कोंडी व्हायला त्या पुरेशा नव्हत्या. एका कंपनीला १ कोटी ३८ लाख पौंडांचं फेरीबोटींचं कंत्राट दिलं, तिच्याकडं एकही बोट नव्हती. ते फेब्रुवारीत रद्द झालं. हे मी मिरजेत सांगते तेव्हा लोक म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच की. त्यांना फार बरं वाटतं.

पण मला सांगायचंय ते एप्रिलचं. गाड्यांचे मोठे कारखाने दर उन्हाळ्यात देखभालीसाठी बंद ठेवतात. ब्रेक्झिटच्या गोंधळाच्या दिवसांत लाइन बंदच असलेली बरी, म्हणून काहींनी २०१९ ची ती सुट्टी ओढून एप्रिलमध्ये आणली, काहींनी जास्तीचा आठवडा धरला. आणि ब्रेक्झिटच पुढं ढकललं गेलं! आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर. पण सुट्टी मागं घेता येईना. कंत्राटदार ठरलेले, कामगारांच्या रजा मंजूर, आमच्यासारख्यांचे पुरवठे वळवलेले. त्यामुळं ज्या महिन्यात काहीच घडलं नाही, त्या महिन्यात ब्रिटनमधलं गाड्यांचं उत्पादन आदल्या एप्रिलच्या तुलनेत ४५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. सहा आठवड्यांचा माझा साठा बघत बसला. ऑक्टोबरात हाच सगळा खेळ पुन्हा.

काका म्हणतात, आकड्यात सांगा, नुकसान किती? आकडेवाले सांगतात त्यांचे त्यांचे आकडे, आणि लगेच मागून कोविड आला, त्यामुळं कुठलं भोक कुणी पाडलं यावर ते अजून भांडताहेत. मला दिसतं ते न झालेलं. आमच्याकडं नवीन लाइन टाकायचा प्रस्ताव २०१६ पासून फाइलीत होता. "जरा स्पष्ट होऊ दे" म्हणून थांबला, आणि एक दिवस त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. तो नामंजूर कधीच झाला नाही. आम्ही घर बघत होतो, तेही "जरा स्पष्ट होऊ दे". स्पष्ट होईपर्यंत घरं महागली आणि मुलगी मोठी झाली. न झालेल्या गोष्टीची पावती नसते, ती काकांना कशी दाखवू?

३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं. ब्रसेल्सला तेव्हा बारा वाजले होते, म्हणून ११. व्यापाराचा करार व्हायला त्या वर्षीची २४ डिसेंबर उजाडली, नवे नियम लागू व्हायच्या आधी आठवडाभर. तेव्हापासून आमच्या प्रत्येक लॉरीबरोबर कागद असतात आणि कागदांबरोबर एक माणूस. लॉऱ्या येतात. उशिरा येतात, पण येतात.

आणि आई? तिचा नियम तसूभर बदलला नाही. बदलला तो त्या पोर्तुगालच्या माणसाचा: नव्यानं येणाऱ्या युरोपीयांना आता आईला आणायचं तर आमचाच फॉर्म. रांग सारखी झाली खरी. आम्ही पुढं सरकलो नाही, त्यांना मागं आणून आमच्या शेजारी उभं केलं. बाकी भारतातून माणसं भरपूर आली, 'बाहेर पडा'ला मत देणाऱ्या कित्येकांना हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट. व्हिसाबरोबरचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला २०० पौंडांवरून १,०३५ वर गेला, तरी आली. भारताबरोबरचा व्यापार करार तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन २०२२ च्या दिवाळीपर्यंत करणार होते. सही झाली २४ जुलै २०२५ ला.

राहिली शेजारीण. २०१९ मध्ये तिथं आधीपासून राहणाऱ्या युरोपीयांना राहण्याचा हक्क नव्यानं मागावा लागला. त्यासाठीचं ॲप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आणि त्यांच्या घरात सगळे आयफोन. एका संध्याकाळी ती पासपोर्ट घेऊन आमच्या दारात. माझा फोन तिनं पासपोर्टवर ठेवला, आत चिप वाचली जाईना, कव्हर काढलं, पुन्हा ठेवला. मग चेहरा दाखवायचा. स्क्रीनवर रंग चमकले आणि पंधरा वर्षं तिथं राहिलेली बाई माझ्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली मान न हलवता उभी राहिली. मी कुकर लावत होते, शिट्ट्या मोजायच्या विसरले.

मागच्या वर्षी आई सहा महिन्यांच्या व्हिसिटर व्हिसावर आली होती. दुपारी दोघी अंगणात बसायच्या, एकीला पोलिश, दुसरीला मराठी. शेजारणीच्या पिएरोगीला आई 'उकडलेली करंजी' म्हणायची आणि चार-चार खायची. एकदा मीही जाऊन बसले आणि एकदाचं शेजारणीला सांगून टाकलं, २०१६ ला मी काय केलं ते.

"माहितीय," ती म्हणाली. "तुझा नवरा त्याच आठवड्यात कुंपणापाशी सांगून गेला होता."

"मग फोन मागायला माझ्याकडं कशी आलीस?"

"अख्ख्या गल्लीत अँड्रॉइड तुझ्याकडंच होता ना."