गाठ बसली, पण कशी?

ओटीतून (ऑपरेशन थिएटरातून) बाहेर आलेल्या रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ सर्जनला, ‘केस कशी झाली?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा दोनच गोष्टींवरून येतं: वेळ किती लागला आणि बॉस किती ओरडले. हात नेमका कसा चालला, हे त्याला धड सांगता येत नाही. त्यात लबाडी नसते. टाका घेताना सगळं लक्ष सुईच्या टोकावर असतं; दुसरा हात काय करतोय ते टिपायला डोक्यात जागाच उरत नाही.

बॉक्स ट्रेनरमधली (सरावाच्या पेटीतली) लॅप्रोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली, गाठच घ्या. एफएलएस या लॅप्रोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेत पेनरोज ड्रेनवरची (मऊ रबरी नळीवरची) चीर शिवायला १५ सेंमी धागा आणि जास्तीत जास्त १० मिनिटं मिळतात. दोन खुणांमधून सुई काढायची, पहिला वेढा दुहेरी, मग दोन एकेरी, दर वेढ्याला हात बदलायचा. गाठ बसली की गडी खूश; स्वतःला पाचपैकी चार देऊन मोकळा. व्हिडिओ लावला की दिसतं: सुई पाच वेळा पुन्हा पकडली, धाग्याचं शेपूट इतकं लांब ठेवलं की ओढता ओढता वेढाच निसटला, डावा ग्रास्पर (पकडायचं हत्यार) पडद्याबाहेर गेलेला. आणि चिरेच्या कडा भिडलेल्याच नाहीत, कारण पहिला वेढा सैल राहिला. तो सैल राहून त्यावर गाठ बसली, की पुढचे दोन कितीही आवळले तरी फट मिटत नाही.

टोरांटोत २००३ साली रेसिडेंटांनी डुकरावर लॅप्रोस्कोपिक निसेन फंडोप्लिकेशन (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती जठर गुंडाळण्याची शस्त्रक्रिया) केलं. लगेच स्वतःला दिलेल्या गुणांचा तज्ज्ञांच्या गुणांशी सहसंबंध (दोन्ही गुण किती सोबत वर-खाली होतात त्याचं माप; १ म्हणजे पूर्णपणे) ०.५० आला, स्वतःचा व्हिडिओ पाहिल्यावर ०.६३. मुरलेल्या हातांचे नमुना-व्हिडिओ दाखवून पुढे फारसा फरक पडला नाही. अर्थात सहसंबंधावर फार विसंबू नये. सगळ्यांनी स्वतःला दोन-दोन गुण जास्त दिले तरी तो १ येऊ शकतो. म्हणून साधी वजाबाकीही करावी: माझे गुण वजा सरांचे गुण.

त्यासाठी आपले गुण व्हिडिओ बघण्याआधी लिहायचे, आणि सीनियरला दाखवायचे नाहीत. ‘एकूण बरी झाली’ असा एकच आकडा कुचकामी. ओसॅट्स या शस्त्रक्रिया-कौशल्याच्या गुणपत्रिकेचे सात मुद्दे घ्या (टिश्यूची हाताळणी, हालचालींची काटकसर, असिस्टंटचा वापर वगैरे), प्रत्येकी १ ते ५, एकूण ३५. शिवाय मोजता येतं ते मोजाच: सुई किती वेळा पकडली, हत्यार किती वेळा नजरेआड गेलं.

खऱ्या केसमध्ये आणखी एक घोळ होतो. लॅप कोलेसिस्टेक्टोमीत (दुर्बिणीने पित्ताशय काढताना) हार्टमन्स पाऊच, म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा, सीनियरने नीट बाहेर ओढून धरला, की कॅलॉटचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि धमनी जिथे शोधायची ती जागा) आपसूक उघडतो. क्लिप मारणाऱ्याला वाटतं, डिसेक्शन (ऊती सोडवण्याचं काम) आपण केलं. लॉगबुकात ‘स्वतः केली, देखरेखीखाली’ अशी नोंद होते. पाऊच कोणाच्या हातात होता, याला रकाना नसतो; ते समासात पेन्सिलीने लिहावं.