पोलीस ठाण्यातले चार शनिवार आणि त्याआधीचा एक फॉर्म

वर्ग खूप चांगले झाले हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणी जायचंच रद्द करेल. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याने रहिवाशांसाठी चार शनिवार ठेवले होते, ठाण्याचं काम कसं चालतं ते समजावून सांगायला. फी नाही. फॉर्म, फोटो आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा.

त्या पत्त्यापाशीच अडलं. आधारवर साताऱ्याचा पत्ता, इथे भाड्याने राहते. काउंटरवरच्या ताईंनी भाडेकरार बघितला आणि म्हणाल्या, "मॅडम, ही गल्ली आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा." पलीकडे गेले तर ते म्हणाले वर्ग आमच्याकडे नाहीत आणि तुमची सोसायटीही आमच्याकडे नाही. परत पहिल्या ठाण्यात. तोवर गणपती बसले, साहेब बंदोबस्ताला, सही कोण करणार, विसर्जन झाल्यावर या. तीन चकरा झाल्या, तिन्ही वेळा ऑफिसचा हाफ डे गेला, आणि माझी सोसायटी नक्की कोणाच्या हद्दीत हे एकालाही बघावंसं वाटलं नाही याचा मला अजून राग आहे. चौथ्या वेळी बाकावर बसले होते तर गोपनीय शाखेचे एक हवालदार काका स्वतःहून उठले, मला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं आणि पेनाच्या टोपणाने रस्ता दाखवला. हद्द रस्त्याच्या मधोमध जाते, आमचं गेट याच बाजूला, पण एजंटने करारात मागच्या गल्लीचं नाव टाकलेलं! दोन मिनिटांचं काम होतं. सेक्रेटरींकडून लेटरहेडवर पत्र आणलं आणि त्यांनी फॉर्म घेतला.

भाडेकरू म्हणून पोलिसांकडे नोंद केल्याची पावती असेल तर ती आधीच सोबत न्या, माझी घरमालकांकडे पडून होती.

दुसऱ्या शनिवारी पीएसआय मॅडमनी झीरो एफआयआर शिकवला. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात तो, कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तुम्ही ज्या ठाण्यात जाल त्यांनी तो नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी हात वर करून माझ्या चकरा सांगितल्या. त्या म्हणाल्या, "फॉर्मचं वेगळं, पण गुन्ह्याची तक्रार घेऊन आलात तर हद्दीचं कारण देऊन कोणीही परत पाठवायचं नाही." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवून घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने उपायुक्तांकडे पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंची शिवीगाळीची तक्रार एनसी झाली तेव्हा मी पोलिसांनाच दोष दिला होता, तो चुकीचा होता, काकूंना जाऊन सांगितलं मी.

ऑनलाइन पैसे गेले तर आधी १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच, ठाण्यात नंतर जा. बाकी तातडीला ११२.

आणि फोटो दोन मागतात, चार न्या.